घर घेताना गाडीलाही विचारा

माझा धाकटा दीर सतरा सीटची ट्रॅव्हलर चालवतो. चिपळूण भागात ज्यांच्या घरातले कोणी कुवेत, सौदी किंवा दुबईला आहे, त्यांना त्याच्या धंद्याची ओळख करून द्यायला नको. रात्री दोन-तीनला गाडी दारात येते. परदेशी निघालेला माणूस एक, पण त्याला सोडायला घरातली दहा माणसे मुंबईच्या विमानतळावर जातात आणि रडून दमलेली परत येतात. याशिवाय लग्नाची वऱ्हाडे, शाळांच्या सहली, गणपती-मे महिन्यातले पर्यटक. पावसाळ्यात मात्र धंदा बसतो आणि गाडी आठ-आठ दिवस जागची हलत नाही.

अशा माणसाने घर घेताना पहिला प्रश्न कोणता विचारावा? आज आम्ही सगळे सांगू, "गाडी कुठे राहणार?" पण २०१८ साली त्याने चिपळूणमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही नीट विचारला नाही. मी शिक्षिका आहे, रोज मुलांना लांबी-रुंदीची गणिते घालते. मीसुद्धा स्वयंपाकघराचा ओटा किती लांब आहे हे पाहिले, पार्किंग मोजले नाही. त्या चुकीची किंमत आमच्या घराने तीन वर्षे मोजली. ती हकिकत आणि त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवते आहे. तुमच्या घरी ट्रॅव्हलर नसेल, पण छोटा हत्ती, स्कूल व्हॅन, पिकअप किंवा मांडववाल्याचा टेम्पो असेल, तर हे तुमच्याच घरचे आहे असे समजा.

"पार्किंग आहे ना, भाभी!"

फ्लॅट छान होता. मुलांची शाळा जवळ, जागा उंचावर, पाणी भरपूर. मोठ्या दिरांनी कुवेतहून पाठवलेले पैसे, माझ्या जावेचे दागिने आणि गावच्या बागेचे उत्पन्न अशी जमवाजमव होती. बिल्डरच्या माणसाने इमारतीखालची जागा दाखवली आणि म्हणाला, "पार्किंग आहे ना, भाभी! एक लाख वेगळे द्या, तुमची जागा पक्की." पैसे दिले. पावती साध्या कागदावर मिळाली. करारनाम्यात पार्किंगचा एक शब्दही नव्हता.

राहायला गेलो त्या संध्याकाळी गाडी आत घ्यायला गेले तर टप बीमला टेकतो आहे. मग टेप आणली. ट्रॅव्हलरची उंची साधारण साडेआठ फूट, वर सामानाचे कॅरियर वेगळे. बीमच्या खाली मोकळी जागा सात फूट दहा इंच. गाडीची लांबी वीस फुटांच्या आसपास. खाली आखलेला चौकोन जेमतेम साडेसोळा फुटांचा. म्हणजे छत नसते तरी गाडीचे तोंड साडेतीन फूट वाटेत आले असते.

यात नकाशाची चूक नव्हती. चारचाकीच्या पार्किंगचे माप मोटारकारसाठी ठरवलेले असते. राज्यात २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कारसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली आहे. वाहतुकीच्या मोठ्या वाहनासाठी हेच माप पावणेचार बाय साडेसात मीटर आहे. आकडे शेजारी-शेजारी ठेवले की लक्षात येते: मोठ्या गाडीला कारच्या दुपटीहून जास्त जागा लागते. राहत्या इमारतीत तेवढी जागा सहसा कोणी सोडत नाही, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही.

फाटकात अडलेली अँब्युलन्स

गाडी मग इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात उभी राहू लागली. सुरुवातीला कोणी काही बोलले नाही. नंतर पहाटे तीनला इंजिन सुरू होण्याची तक्रार आली, मग धुराची, मग एका मुलाचा चेंडू लागून फुटलेल्या काचेची. दीर हसून वेळ मारून नेत असे. जावेला मात्र जिन्यात भेटणाऱ्या बायकांच्या नजरा कळत होत्या.

एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना छातीत दुखू लागले. अँब्युलन्स आली ती फाटकातच थांबली. आतल्या वाटेत ट्रॅव्हलर आडवी होती. दीर शेजारच्या गावी एका मयतीला मोटारसायकलवर गेला होता आणि ट्रॅव्हलरची चावी त्याच्या खिशात होती. चार माणसांनी आजींना खुर्चीत बसवून फाटकापर्यंत उचलून नेले. अल्लाहच्या कृपेने त्या बऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दीर त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आला. आजींच्या मुलाने चहा दिला, पण म्हणाला, "आज आमची आई होती. उद्या तुमची असेल."

घरी अब्बा बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "वाटेतला काटा उचलून बाजूला टाकणे ही नेकी आहे, असे आपण पोरांना शिकवतो. आपण तर वाटेत सतरा सीटची गाडी टाकली."

सोसायटीची सभा झाली. दिराने ती लाख रुपयांची पावती पुढे केली. सेक्रेटरींनी शांतपणे सांगितले की ही पावती सोसायटीवर बंधनकारक नाही. तेव्हा राग आला होता. नंतर मी वकिलांकडे जाऊन समजून घेतले, तर ते बरोबर होते.

कायदा काय सांगतो?

यातले तीन मुद्दे प्रत्येक घर घेणाऱ्याला ठाऊक हवेत.

पहिला. उघडी पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने उघडे पार्किंग सामाईक जागेत धरले आहे. त्याआधी २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, १९६३ च्या महाराष्ट्राच्या फ्लॅटविषयक कायद्याचा अर्थ लावताना, इमारतीखालची खांबांमधली जागासुद्धा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही असे स्पष्ट केले होते. रेरानंतर नोंदणी झालेल्या प्रकल्पात छताखालचे पार्किंग आणि गॅरेज यांचा मोबदला घेता येतो. पण मग ते करारनाम्यात लिहिलेले असले पाहिजे.

दुसरा. काय लिहिलेले असावे? महारेराने ३० जुलै २०२१ च्या परिपत्रकात आणि पुन्हा २९ एप्रिल २०२४ च्या आदेशात हे सांगितले आहे. पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ते संकुलात नेमके कुठे आहे, हा तपशील आता करारनाम्याबरोबरच्या जोडपत्रात द्यावा लागतो. यातल्या 'उंची' या शब्दावर बोट ठेवा. आमचे सगळे रामायण त्या एका शब्दात होते. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या लहान प्रकल्पांना रेराची नोंदणी सक्तीची नाही. आपल्या लहान शहरांत अशा इमारती पुष्कळ असतात. तिथे हा तपशील आपणच हट्टाने लिहून घ्यावा लागतो.

तिसरा. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की पार्किंगचे वाटप सर्वसाधारण सभेच्या धोरणाने होते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकण्याची सोय आदर्श उपविधींत आहे. म्हणून जुना फ्लॅट घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. सोसायटीचे ठराव वाचा, सेक्रेटरींना भेटा, "माझी गाडी अशी अशी आहे, चालेल का?" असे आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. 'नाही' हे उत्तर पैसे देण्याआधी मिळाले तर तो फायदाच आहे.

घर कोरडे, रोजी पाण्यात

सभेनंतर गाडी बाहेर गेली. नदीच्या बाजूला ओळखीच्या माणसाचा मोकळा प्लॉट होता. महिना हजार रुपये ठरले. लिहिणे-वाचणे काही नाही. घरापासून तिथवर मोटारसायकलने दहा मिनिटे. दोनदा डिझेल चोरीला गेले, एकदा बॅटरी. तरी दीर म्हणत असे, "शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, तेवढे समाधान."

मग २२ जुलै २०२१ ची पहाट आली. चिपळूणच्या वाचकांना त्या दिवसाविषयी मी काय सांगावे! वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात शिरले, बाजारपेठेत काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचले. फ्लॅट उंचावर होता, तिथे एक थेंबही आला नाही. दीर गच्चीवरून पाहत होता. ज्या रस्त्याने गाडीकडे जायचे तो रस्ताच दिसत नव्हता. दोन दिवसांनी प्लॉटवर पोहोचलो तेव्हा गाडीच्या सीटांवर वीतभर चिखल होता.

त्या वेळी एकच गोष्ट बरी झाली. त्याने चावी फिरवली नाही. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह होतो, पण इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की होते ते नुकसान फार मोठे. गाडी ओढून मेकॅनिककडे नेली. पण विम्याचे काय? गाडीचे हप्ते संपल्यावर पैसे वाचवण्यासाठी त्याने फक्त थर्ड पार्टी विमा ठेवला होता. त्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई असते, आपल्या गाडीची नाही. पूर, आग, चोरी यांसाठी संपूर्ण विमा लागतो, आणि पाण्याने इंजिन बिघडले तर त्यासाठी बहुधा वेगळे जोड-संरक्षण घ्यावे लागते. गाडी पाच महिने उभी राहिली. जावेच्या उरलेल्या दोन बांगड्या गेल्या. त्या पाच महिन्यांत दीर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता.

एका रात्री जेवताना तो म्हणाला, "भाभी, फ्लॅट विकतो." कोणी नको म्हटले नाही.

टेप घेऊन घर शोधणे

या वेळी शोध दीड वर्ष चालला. मी, जाऊ आणि दीर असे तिघे जात असू. पिशवीत पन्नास फुटी टेप आणि वही. किती तरी घरे पाहिली. त्यातली चार सांगते, कारण प्रत्येकाने एक धडा दिला.

पहिल्या घराचे अंगण एवढे मोठे की दोन गाड्या राहाव्यात. पण तिथवर जाणारी पाखाडी नऊ फुटांची आणि मध्ये काटकोनात वळण. गाडी अंगणात मावते, पण अंगणापर्यंत पोहोचत नाही. मोठी गाडी वळताना मागचे चाक आत कापत येते. म्हणून वळणावर सरळ रस्त्यापेक्षा जास्त रुंदी लागते.

दुसरे घर स्वस्त होते. का स्वस्त, ते नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा पाहिल्यावर कळले. नकाशात दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे घर निळ्या रेषेच्या आत होते. आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

तिसऱ्या घराची वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून होती. मालक म्हणाला, "तीस वर्षे जातो-येतो आहोत, कोणी अडवत नाही." पायी जाणाऱ्याला आणि मोटारसायकलला कोणी अडवत नाही हे खरे. पण रोज मोठी गाडी जाऊ लागली की शेजाऱ्याचा विचार बदलू शकतो. वाटेचा हक्क खरेदीखतात, मंजूर रेखांकनात किंवा नोंदणीकृत दस्तात किती फुटांचा लिहिला आहे ते पाहावे. लिहिलेला नसेल तर नुसत्या वहिवाटीच्या शब्दावर विसंबून राहू नये.

चौथे घर महामार्गाला लागून. गाडीसाठी याहून सोयीचे काय? पण मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कोणाचे अंगण गेले आणि कोणाची पडवी, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. महामार्गाशेजारी घर घेताना रस्त्याची हद्द आणि बांधकामाची रेषा कुठे येते हे आधी तपासावे. त्या घराचे पार्किंग म्हणून दाखवलेले अंगण त्या रेषेच्या आतच येत होते.

शेवटी २०२३ मध्ये एक जुने कौलारू घर मिळाले. चार गुंठे, चढावर, वाट पंधरा फुटांची आणि कागदावर असलेली. घर लहान आहे, फ्लॅटपेक्षा एक खोली कमी. इसार देण्याआधी दिराने मालकांना विचारले, "एकदा गाडी आणून लावून पाहू का?" ते हसले, पण हो म्हणाले. कॅरियरवर सामान भरून, म्हणजे खऱ्या उंचीने, त्याने गाडी चढवली, अंगणात वळवली, बाहेर काढली, पुन्हा मागे घेतली. एका ठिकाणी विजेची तार खाली लोंबत होती, एका ठिकाणी फणसाची फांदी. दोन्ही वहीत लिहिले. फाटक दहा फुटांचे होते, ते बारा फुटांचे करावे लागेल हे कळले. दोन्ही खर्च धरून भाव ठरला. नंतर एवढेच म्हणाला, "पहिल्या वेळी हे केले असते तर एक तास लागला असता."

जागा घेतली, पुढे काय?

कोकणच्या पावसात उघड्यावर उभी असलेली गाडी आतून सडते. म्हणून जांभ्याच्या जोत्यावर पत्र्याची शेड घातली. शेड म्हणजे बांधकामच. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, जी असेल तिची परवानगी विचारून घ्यावी. शेडची उंची गाडीपेक्षा किमान दोन फूट जास्त ठेवली, कारण टपावर चढून ताडपत्री बांधावी लागते. जमिनीला उतार बाहेरच्या बाजूला दिला, पण पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार नाही असा.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची तार सोडावी, चाकांत हवा पाहत राहावी, सीटांखाली अन्नाचा कण राहू देऊ नये. उंदीर वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा गाडी थोडी चालवून आणलेली उत्तम. गाडी मोठ्या मुदतीसाठी बंद ठेवायची असेल, तर ती वापरात नसल्याची लेखी सूचना आरटीओला आधीच देण्याची सोय असते. ती आपल्या गाडीच्या कराला कशी लागू होते ते तिथेच विचारावे.

आणि शेजारी. सामान हलवण्याच्या आधी दीर आणि जाऊ आजूबाजूच्या पाचही घरी जाऊन आले. पहाटे गाडी निघते, हॉर्न वाजवणार नाही, इंजिन घुरघुरत ठेवणार नाही, प्रवासी इथे बोलावणार नाही, असे सांगितले. गाडीची दुसरी चावी घरातच खिळ्याला असते आणि जाऊ गाडी मागे-पुढे करायला शिकली आहे. अँब्युलन्सची ती रात्र तिने विसरायची नाही असे ठरवले आहे.

ज्यांना घर बदलणे शक्य नाही त्यांनी निराश होऊ नये. भाड्याने जागा घ्या, पण लेखी करार करून, आणि ती पूररेषेच्या बाहेर, उजेडाच्या ठिकाणी आहे हे पाहून. दोन-तीन गाडीमालकांनी मिळून एक आवार घेतले आणि रखवालदार ठेवला तर खर्च वाटला जातो.

दिराच्या डोक्यात आता नवीन विचार आहे. २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परदेशात लोक झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून फिरतात, तशी एक गाडी आपल्या गुहागरच्या किनाऱ्यासाठी करावी असे त्याला वाटते. मी त्याला एवढेच सांगितले की गाडीच्या बांधणीत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आधी. त्यावर तो म्हणाला, "आणि भाभी, त्याच्याही आधी टेप."

नव्या घरातल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तो दोनदा उठून शेडकडे जाऊन आला, असे जाऊ सांगत होती. फजरला अब्बांनी विचारले, "काय रे, झोपला नाहीस?" तो म्हणाला, "झोपलो, अब्बा. गाडी कोरडी आहे की नाही ते बघून झोपलो."